गावच्या घराचा होमस्टे करायचाय, पण संडास-बाथरूम बसवायची कुठे?

मागीलदार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आमचं घर दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ले पट्ट्यात. समुद्र चालत चार मिनिटांवर. माजघराच्या तुळईवर शके १८३४ कोरलंय, म्हणजे १९१२ चं. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. पडवी, ओटी, माजघर, देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली, सैपाकघर, मागची पडवी. मागीलदारी विहीर नि न्हाणीघर. संडास तिथून वीस पावलं, फणसाखाली. (रात्री बॅटरी घेऊन जाताना लहानपणी मी रामरक्षा म्हणायचे.)

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मागच्या निम्म्या घराची कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. तेव्हा कौलं मिळेनात म्हणून काकाने मागे पत्रा टाकला, तो अजून आहे. सध्या घरात काका-काकू दोघंच. बाकी आम्ही सगळे ठाणे, पुणे, एक चुलतभाऊ मस्कत.

आता सगळ्या भावंडांचं ठरलंय की घर पडू द्यायचं नाही, चार खोल्यांचा होमस्टे करायचा. अंदाज १८ लाखांचा. गाडी अडली आहे ती बाथरूमवर. पाहुण्यांना खोलीला लागून हवी. इंजिनियर म्हणतो माजघराचे दोन तुकडे करून तिथे दोन काढू. बाबा म्हणाले, "माजघरात संडास? मग मला आधी पोचवा." कुणी असं केलंय का? काय केलंत?

बिनकामाचा

पहिला! बाकी वाचून सांगतो.

सरळसोट

स्पष्ट बोलतो, राग नसावा. पाडा. शंभर वर्षांच्या भिंतींत १८ लाख घालण्यापेक्षा त्यात भर टाकून स्लॅबचं बांधा, प्रत्येक खोलीला संडास, एसी, वर गच्ची. लोकांना कौलं फोटोत आवडतात. रात्री वरून उंदराची लेंडी पडली की रिव्ह्यू एकच तारा.

आजोळ

सरळसोट, स्लॅबची लॉजं दापोलीत पायलीला पन्नास आहेत. तिथेच राहायचं असेल तर माणूस यांच्या आडगावात कशाला येईल?

ओळंबा

मागीलदार, जुन्या घरांचीच कामं करतो म्हणून सविस्तर लिहितो.

माजघराला हात लावू नका. भावनेचं सोडा, भिंतीचं बघा. त्या काळच्या बऱ्याच घरांत चिरे चुन्यात नव्हे, मातीत बसवलेले असतात. एका कोपऱ्यात गिलावा खरवडून बघा. लाल माती भुरभुरली तर त्या भिंतीत पाइपसाठी खाच मारायची नाही. भिंत उभी आहे ती वजनाने, चिकटून नव्हे. त्यात रोज दोन बाथरूमचं पाणी मुरलं की माती धुपते, चिरा पोटाला फुगतो. मी अशी एक भिंत पाहिली आहे. बाहेरून सुंदर ऑइलपेंट, आणि बोट लावलं तर आत ढेकूळ.

दुसरं, सिमेंटचा गिलावा नको. जांभा ओल पितो आणि सोडतो. सिमेंट मारलं की सोडायची वाट बंद, मग लोणा धरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे. चुन्याचाच करा. करणारा गवंडी शोधायला वेळ लागेल, तो वेळ द्या.

बाथरूम मागच्या पडवीत. तिथे तसाही पत्रा आहे, काहीतरी करायचंच आहे. जुन्या भिंतीपासून वीतभर सुटी अशी नवी भिंत घ्या, सगळे पाइप त्या नव्या भिंतीत. चार खोल्यांना चार, ओळीने. दोन खोल्यांना आतून दार निघेल, दोघांना पडवीतून चार पावलं चालावं लागेल. चालू दे.

आणि सेप्टिक टँक विहिरीच्या उताराच्या बाजूला, जितका लांब जाईल तितका. जांभा चाळणीसारखा असतो. शोषखड्ड्यातलं पाणी कुठून निघून कुठे जाईल सांगता येत नाही, आणि तुम्ही त्याच विहिरीचं पाणी पाहुण्यांना पाजणार.

मागीलदार

ओळंबा, दंडवत घ्या. आजच काकाला फोन करून गिलावा खरवडायला सांगितला. लाल मातीच निघाली. तो आता मलाच रागावलाय, "चांगल्या भिंतीला भोक पाडायला लावलंस."

वाळवी_निवारक

लाकडाचंही बघा. वासे सागाचे असतील तर फार चिंता नाही, पण दुरुस्तीत मधेमधे कुणीतरी स्वस्तातलं लाकूड घुसवलेलं असतं, वाळवी तिथूनच शिरते. आमच्याकडे तळाच्या लाकडांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात. हात लावू नका, अंगावर उततं. माझा मेहुणा शहाणपणा करून बिनहातमोज्यांचा लावायला बसला, आठवडाभर त्याला आम्ही भरवत होतो.

तळटीप

थोडं अवांतर. जांभ्याला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये दिलं, मलबारातल्या अंगाडीपुरमचा दगड बघून. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने कापता येईल इतका मऊ, हवा लागली की कडक होतो. आणि आपण ज्यांना मंगलोरी कौलं म्हणतो त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात काढला. म्हणजे धागाकर्तीच्या पणजोबांनी १९१२ ला ही कौलं घातली असतील तर तेव्हा ती नव्या फॅशनची गणली गेली असणार. त्याआधी नळीची कौलं किंवा गवत. आज आपण ज्याला 'पारंपरिक' म्हणून कुरवाळतो ते त्या काळचं स्लॅबच.

बिनकामाचा

तळटीप आले, चहा ठेवा.

सरळसोट

तळटीप, म्हणजे तुम्ही माझ्या बाजूने बोललात की विरुद्ध?

तळटीप

मी फक्त तारखा सांगितल्या.

बांगडो

गाववाल्यांनु, माझा पण ऐका. आमी मालवणाक घराचा होमस्टे करून सात वर्सां झाली. पावण्याक तीन गोष्टी व्हयो: गरम पानी, चालणारो पंखो, नि ताटात ताजा मासा. संडास आत असो का भायर, सकाळी गरम पानी नाय मिळाला की तो बोंबलतलो. आता मासळीचा आयक: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पावसात इलेल्या पावण्याक आधीच फोनवर सांगून टाकायचा. नायतर तो म्हणता, समुद्रार येवन डाळभात खावचो काय? आमच्याकडे एकजण खरोखर तसा म्हणालो. बायकोन तेका सुक्या बांगड्याची किसमूर घातल्यान, मगे गप रवलो.

मागीलदार

बांगडो, आमच्याकडे अडचण उलटी. घरात मासे शिजत नाहीत. काकू म्हणते, बाहेरून आणून अंगणात खाल्ले तर मी बघायला येणार नाही, पण माझ्या चुलीवर नाही.

रमतराम

मग शाकाहारीच ठेवा, बिघडत नाही. वेळासला गेला आहात का? तुमच्यापासून बाणकोटच्या दिशेला जवळच. तिथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपायचं काम चाललंय, चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने सुरू केलेलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि लोक गावातल्या घरांतच उतरायला लागले. आम्ही गेलो तेव्हा माजघरात ओळीने गाद्या, सगळ्यांना मिळून एक संडास, जेवायला मोदक आणि कुळथाचं पिठलं. एकाही माणसाने तक्रार केली नाही, कारण पहाटे पिल्लं समुद्राकडे जाताना बघायची होती.

पण तो हंगाम थोड्या आठवड्यांचा. वर्षभर चालवायचं तर लोक बाथरूम विचारणारच.

उगवतीकर

मी जपानात असतो. इथे खेड्यांत रिकामी घरं इतकी की त्यांना 'आकिया' असं वेगळं नावच आहे. जुन्या लाकडी घराला 'कोमिन्का'. त्यातली काही दुरुस्त करून पाहुण्यांना देतात. २०१८ पासून कायदा आहे, राहत्या घरात वर्षाला जास्तीत जास्त १८० दिवसच पाहुणे ठेवता येतात. बायको आणि मी अशा एका घरात राहिलो होतो. अंघोळीची जागा घराला चिकटून पण वेगळ्या छपराखाली, मधे तीन पावलांची उघडी वाट. थंडीत कुडकुडत गेलो, पण अजून आठवतं तेच. ओळंबांनी सांगितलेली 'चार पावलं' अजिबात वाईट नाहीत.

पुणेकरीण

उगवतीकर, तुम्ही हौसेने कुडकुडलात. माझ्या सासूबाईंना गुडघेदुखी आहे, रात्री तीनदा उठावं लागतं. पडवीतून चार पावलं, आणि मधे उंबरा. आम्ही ती खोली घेणार नाही. निदान एक खोली तरी अशी करा की पायरी नाही, उंबरा नाही, कमोड आहे, धरायला दांडी आहे. जुन्या घरांत राहायची हौस असणाऱ्यांत निम्मे आमच्या सासूबाईंच्या वयाचे असतात, हे कुणी लक्षातच घेत नाही.

ओळंबा

पुणेकरीण, +१. मान्य. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कलम_कागद

बांधकाम होईल हो. कागद बघितलेत का? घर कुणाच्या नावावर?

मागीलदार

पणजोबांच्याच नावावर होतं, आता वारसनोंद झाली आहे. अकरा नावं. दहा जणांची संमती आहे. आत्या तयार नाही. वय अठ्ठ्याहत्तर, फोनवर म्हणते "बघू". काका म्हणतो घरपट्टी तोच भरतो, नमुना ८ वर त्याचं नाव आहे, तेवढं पुरे.

कलम_कागद

पुरे नाही. नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. या एका गैरसमजावर कोकणातली निम्मी कोर्टं चालतात. अकराव्या सहीशिवाय एक चिरा हलवू नका.

दुसरं, समुद्र चार मिनिटांवर म्हणता, म्हणजे सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामांचे नियम) बघावंच लागेल. २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांना होमस्टेची मुभा आहे, पण असलेल्या घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. म्हणजे ओळंबांची चार बाथरूमची ओळ मागच्या पडवीच्या जोत्यावरच बसली तर गोष्ट वेगळी आणि जोत्याबाहेर दोन फूट गेली तर वेगळी. आधी मोजून घ्या. परवानगी देणाऱ्या कार्यालयात नकाशा घेऊन स्वतः जा, "साहेब ओळखीचे आहेत" म्हणणाऱ्याला पाठवू नका.

बाकी पर्यटन खात्याकडे निवास-न्याहारीची नोंदणी, जेवण देणार तर अन्नपरवान्याची नोंदणी. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती कळवायचा सरकारी फॉर्म भरायचा. वीजमीटर घरगुती राहील की व्यावसायिक, हे नोंदणी करतानाच विचारून घ्या.

सरळसोट

जोतं बदलता येत नाही म्हणजे माझा स्लॅब गेला. ठीक आहे, मी प्रेक्षकांत बसतो.

बिनकामाचा

या, पॉपकॉर्न आहे.

हिशेबनीस

सगळं वाचलं. कुणी आकडे मांडले नाहीत म्हणून मांडतो. गृहीतकं माझी, तुम्ही बदला.

चार खोल्या, दोन हजार रुपये रात्र. पावसाळ्यात कोण येत नाही. ऑक्टोबर ते मेचे शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, मे महिना, असं सगळं धरून वर्षात ९० भरलेल्या रात्री धरल्या, आणि त्याही सगळ्या खोल्या भरलेल्या. ७ लाख २० हजार. यातून दर वर्षीची शाकारणी, धुलाई, गॅस, झाडलोटीच्या बाईचा पगार, मोटार जळणं, वानरांनी फोडलेली कौलं, बुकिंगवाल्यांचं कमिशन असं साडेतीन लाख काढा. उरले ३ लाख ७० हजार. जीएसटीची २० लाखांची मर्यादा लांब आहे, ती काळजी नको.

आता हे अकरा वाटेकऱ्यांत वाटा. माणशी वर्षाला साधारण ३३,६००. १८ लाख वसूल व्हायलाच पाच वर्षं.

आणि यात तुमच्या काकूंचा पगार मी शून्य धरलाय. कारण धाग्यात कुणीच तो धरलेला दिसला नाही.

आजोळ

हिशेबनीस, शेवटच्या ओळीला सलाम. मी कालपासून हेच लिहू की नको करत होते.

आमच्या मामाने असंच केलं. आम्ही सगळी भाचरं उत्साहात, एकाने फेसबुक पेज काढलं, एकीने पडदे आणले, सुट्टी संपली, सगळे आपापल्या गावी. राहिली मामी. पहाटे पाचला उठून बारा माणसांचे घावने. पाहुणे म्हणणार, "किती शांत आहे हो इथे!" शांत असणारच, मामीला बोलायला वेळच नव्हता. दोन सीझन केलं. तिसऱ्या वर्षी मेमध्ये ती बोरिवलीला मुलीकडे गेली आणि गणपतीपर्यंत परतलीच नाही. मामा आता खोली देतो, जेवण देत नाही. गावात खानावळ आहे तिचा नंबर देतो.

मागीलदार, तुम्ही "सगळ्या भावंडांचं ठरलंय" असं लिहिलंत. काकूंना विचारलंत का?

पुणेकरीण

आई गं. बरोबर बोललात.

मागीलदार

दोन दिवस उत्तर दिलं नाही. खरं सांगते, विचारलं नव्हतं. "काकूला आवडतंच माणसं आलेली" असं आम्ही परस्पर धरून चाललो होतो. या शनिवारी गावी जातेय.

बांगडो

जावन या. येताना दोन पायल्या कुळीथ हाडा.

मागीलदार

(तीन आठवड्यांनी)

गावी जाऊन आले. रविवारी दुपारी काकू ओटीवर सुपारी सोलत बसली होती. सगळा बेत सांगितला, ओळंबांचा नकाशा दाखवला. ती अडकित्ता खाली न ठेवता ऐकत होती. मग म्हणाली, "चहा-पोहे मी करीन. जेवण रखमाची सून करेल, तिला पगार द्यायचा, आणि तो तुम्ही द्यायचा, माझ्या हातून नाही. मे महिन्यात पंधरा दिवस घर बंद, आंबे उतरवायचे असतात. आणि पाहुण्याने सैपाकघरात यायचं नाही फोटो काढायला." एवढं बोलून परत सुपारी. आम्ही भावंडांनी ग्रुपवर वर्षभर घातलेला घोळ तिने पाच मिनिटांत निकालात काढला. आता तिचा वाटा वेगळा धरलाय, अकरात नव्हे, बारावा. मस्कतवाला आधी कुरकुरला, मग त्याच्या बायकोने त्याला हिशेबनीसांची पोस्ट वाचून दाखवली.

बाथरूम मागच्या पडवीत, जोत्याच्या आत. मोजलं, चार बसत नाहीत, तीन बसतात. म्हणून खोल्याही तीनच. कोठीच्या खोलीचा उंबरा काढून ती पुणेकरणींच्या सासूबाईंसाठी (दांडी लावणार). मागचा पत्रा काढून परत कौलं. पाडलेल्या घरांची जुनी कौलं विकणारा एकजण मिळालाय, काका प्रत्येक कौल बोटाने टिचकी मारून घेतोय. खणखणीत वाजलं तर आत, बदबद वाजलं तर परत.

ओळंबा

काकांना माझा नमस्कार. कौलं अशीच घ्यायची असतात.

कलम_कागद

आणि अकरावी सही?

मागीलदार

ते सांगायचं राहिलंच. आत्याला भेटायला डोंबिवलीला गेले. कागद पुढे केला. तिने चष्मा लावून सगळा वाचला, नकाशाही. विचारलं, "ही बाळंतिणीची खोली कुणाला देणार?" म्हटलं, पाहुण्यांना, सगळ्यात थंड खोली तीच, दर जास्त मिळेल. म्हणाली, "मी त्या खोलीत जन्मले. माझी तिन्ही मुलं त्या खोलीत झाली. दर वैशाखात महिनाभर ती खोली मला पाहिजे. भाडं मागितलंत तर सही परत घेईन."

कागदावर तसं लिहून घेतलं, मग सही केली.

हिशेबनीस

म्हणजे ऐन सीझनला सगळ्यात महाग खोली महिनाभर बंद. काकूंचे पंधरा दिवस त्यातच बसवा, नाहीतर माझे ९० दिवस कोसळले.

मागीलदार

दोघींनी आधीच फोनवर बसवलेत.

सरळसोट

डिसेंबरात येणार आहे. कोठीची खोली धरून ठेवा, माझेही गुडघे गेलेत.

बिनकामाचा

गच्ची नाहीये हां, सरळसोट.